वीज गेल्यावर आलेले धन्यवाद

गुरुवारी सकाळी सव्वासातला फोन वाजला तेव्हा शारदाबाई लघाटे कैऱ्या किसत होत्या.

“शारदाकाकू, मी भावना. हॉस्टेलमधली, भावना खरात.” मुलगी रडत नव्हती. रडून झाल्यानंतरचा तो आवाज होता. “मला काढून टाकतायत. परवा चार बजे मीटिंग आहे. तुम्ही पण सही करणार का?”

“कसली सही?”

“म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नाही?”

शारदाबाईंना काहीच माहीत नव्हतं. दक्षिणी कन्या वसतिगृहाच्या पाच विश्वस्तांपैकी त्या एक होत्या. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्याकडे कागद यायचे ते सही करायला, वाचायला नाही.

त्यांनी हात धुतले, ऑटो केली आणि सदर बाजारामागचं वसतिगृह गाठलं.

ही इमारत त्यांच्या मावशीने उभी केली होती. बबीना, ललितपूर, ओरछा इथून शिकायला येणाऱ्या मराठी मुलींना झाँसीत कुणी खोली देत नसे, म्हणून. त्या काळी दाराशी पत्र्याची एक पेटी टांगलेली असे. तक्रार लिहायची आणि पेटीत टाकायची. मावशी दर सोमवारी स्वतः कुलूप उघडायची, मुलींच्या देखत. आता पेटी नव्हती. तिच्या खिळ्यावर कॅमेरा होता आणि भिंतीवर पाटी: ‘तक्रार केवळ वेबसाइटवर स्वीकारली जाईल.’

भावना भेटीच्या खोलीत बसली होती. नर्सिंगचं शेवटचं वर्ष, सोमवारपासून परीक्षा. वडील, दगडू खरात, फौजेत हवालदार. फेब्रुवारीत बबीन्याहून त्यांची बदली थेट अरुणाचलला झाली, क्वार्टर सोडावं लागलं, आई अनुसया गावी साताऱ्याकडे गेली. वसतिगृहातून काढलं तर या गावात तिला एक रात्र टेकायला जागा नव्हती.

“हॉस्टेलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलंस म्हणून काढतायत, म्हणतेस. काय लिहिलंस?”

“एवढंच. ‘मैंने तीन बार शिकायत की, एक बार भी जवाब नहीं आया।’ कुणाचं नाव पण नाही टाकलं.”

“तक्रार कुणाबद्दल?”

“संकेत भैया.” तिने तोंड वाकडं केलं. “भैया म्हणावं लागतं. म्हणताना उलटी येते.”

संकेत म्हणजे सचिव रमाकांत यांचा पुतण्या. वसतिगृहाचं वाय-फाय आणि कॅमेरे तो बघायचा, त्यामुळे त्याला आत यायला कुठल्याच मजल्यावर बंदी नव्हती.

“रमाकांतजींच्या चौकशी समितीने बोलावलं तेव्हा काय सांगितलंस?”

“बोलूच दिलं नाही, काकू. रमाकांतजी म्हणाले, तपशील नको, तक्रारीचा नंबर दाखव. नंबर माझ्याकडे नव्हता. मग म्हणाले, नंबर नाही म्हणजे तक्रारच नाही, आणि तक्रार नाही म्हणजे ही बदनामी.”

“म्हणजे काय काय घडलं, हे तिथे कुणालाच कळलं नाही?”

“कुणालाच नाही. ऐकायचंच नव्हतं त्यांना.”

मग तिने पिशवीतून एक वही काढली. “पप्पांचा नियम आहे. अर्ज द्यायचा तर त्याची ऑफिस कॉपी आपल्याजवळ ठेवायची. तारीख आणि टाइम टाकून. मी प्रत्येक तक्रार आधी यात लिहिली, मग फोनवर टाइप केली, आणि पाठवल्यावर टाइम टाकला. रमाकांतजींनी उघडून पण बघितली नाही. म्हणाले, ही वही तू काल रात्री बसून लिहिलीस.”

अक्षर सरळ, घड्याळ फौजेचं. ९ मार्च, २०:१०. २ एप्रिल, १३:२५. १४ मे, १७:४०.

पहिल्या तक्रारीत गच्ची होती. मुली कपडे वाळत घालायला जातात नेमकं तेव्हाच संकेतला गच्चीवरची तार तपासायची असते. दुसऱ्या तक्रारीत थंड पाण्याचं मशीन होतं. बाटली भरायला वाकलेल्या मुलींचे फोटो. तिसरी तक्रार न्हाणीघरांच्या बोळाची होती. झरोक्याच्या वर धरलेला फोन. आणि शेवटी एक ओळ: ‘हे दुर्गा मौसींनी पाहिले आहे.’

शारदाबाईंनी वही मिटली.

“दुर्गाचं नाव समितीत घेतलंस?”

“नाही. तिची नौकरी जाईल. स्वयंपाकावर घर चालतं तिचं. मी फक्त तिसऱ्या तक्रारीत लिहिलंय.”

“वॉर्डनबाईंना कधी सांगितलंस?”

“मार्चमध्ये गेले होते. मला दारातच थांबवलं. म्हणाल्या, तोंडी काही सांगू नकोस, जे असेल ते वेबसाइटवर टाक. ऐकून पण घेतलं नाही.”

“आणि वेबसाइटवर ‘पाठवा’ दाबल्यावर काय दिसलं?”

“धन्यवाद. हात जोडलेलं चित्र, खाली ‘आपकी बात हम तक पहुँच गई है’.”

“नंबर नाही?”

“नाही. मेसच्या डाळीची तक्रार केली होती तेव्हा आधी चक्र फिरलं, मग नंबर आला. या वेळी धन्यवाद एकदम आले, बोट उचलायच्या आत. मला वाटलं, माणसाबद्दलची तक्रार गुप्त असते, म्हणून नंबर देत नसतील.”

शारदाबाईंनी वही पुन्हा उघडली. “चौदा मे. त्या दिवशी आंधी आली होती. साडेपाचला कडूनिंबाची फांदी तारांवर पडली आणि आमच्याकडे नऊपर्यंत वीज नव्हती.”

“इथे पण, काकू. मी फॉर्म उघडून बसले आणि लाइट गेली. पंखा बंद. घाम पुसत पुसत टाइप केलं आणि पाठवलं.”

“तुझ्या फोनमध्ये इंटरनेट आहे?”

“रिचार्ज नाही करत. हॉस्टेलच्या वाय-फायवर चालतं.”

“आणि तरी धन्यवाद आले?”

“आले की.” भावना म्हणाली. मग तिने हातातल्या फोनकडे पाहिलं. “पण वाय-फाय तर बंद होतं!”

सचिव रमाकांत कार्यालयात बसले होते. टेबलावर पितळी पिकदाणी. बोलता बोलता ते तिच्यात थुंकत आणि ओठाच्या कडेचा लाल ओघळ अंगठ्याने निपटून तोच अंगठा कागदांवर ठेवत.

“शारदावहिनी, तुम्ही कशाला तसदी घेतली? सही करायला मी माणूस पाठवला असता.”

“आधी वाचून बघते म्हटलं.”

“त्यात वाचायचं काय? छावणीतल्या मुली. आज बबीना, उद्या जबलपूर. त्यांचं काय जातं? आपली घरं इथे पावणेतीनशे वर्षांची. जूनमध्ये घरात कार्य आहे माझ्या, आणि ही असला राडा करते.”

“कसलं कार्य?”

“पेढे आले की कळेल.” ते हसले. दात विटकरी होते.

त्यांचा फोन किणकिणला. त्यांनी तो मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरून पुढे केला. “वाचा हो जरा. मला ते उघडता येत नाही. वॉर्डन सुनीताबाई किंवा संकेत वाचून दाखवतात.”

निरोप वीजबिलाचा होता. शारदाबाईंनी वाचून दाखवला.

“वेबसाइट कोण बघतं?”

“त्या कॉम्प्युटरवाल्या निशांतने करून दिली. आता पुण्याला असतो. बाकी ऑफिस बघतं. दिवाळीत बघितलीत ना? ‘पाठवा’ दाबलं की पणत्या लागायच्या. कल्पना माझी होती!”

“तक्रारी कुणाकडे जातात?”

“मला, वॉर्डनला आणि अध्यक्षांना, तिघांना एकदम. छापून माझ्या टेबलावर येतात. वर्षभरात पाण्याच्या, डाळीच्या, डासांच्या. माणसाबद्दल एकही नाही. एकही! चांगल्या घरच्या मुली असल्या गोष्टी लिहीत नाहीत.”

शारदाबाई उठल्या. रमाकांतांनी देऊ केलेला चहा त्यांनी तसाच ठेवला. त्यावर साय धरली होती आणि सायीवर माशी बसली होती.

वॉर्डन सुनीता कान्हेरे यांची खोली मात्र लखलखीत. इस्त्रीची सुती साडी, टेबलावर मोगरा. बाजूला लग्नपत्रिकांचे नमुने एकावर एक रचलेले.

“इराचं?” शारदाबाईंनी विचारलं. इरा म्हणजे सुनीताबाईंची एकुलती एक मुलगी.

“साखरपुडा जूनमध्ये. मोठं घर आहे, शारदाताई. मी बाई एकटी, पगार तो एवढासा. देवाने डोळे उघडले.”

“कुठलं घर?”

“अजून जाहीर नाही केलं. दृष्ट लागते.” मग त्यांचे डोळे भरून आले. “भावनाचं मात्र वाईट वाटतं हो. मुलगी हुशार आहे. तुम्ही तरी समजावा. माफीनामा लिहून दे म्हणावं, मी रमाकांतजींचे पाय धरीन.”

“कशाची माफी?”

“आता बघा. गच्चीवर येतो म्हणे, पाण्याच्या मशीनपाशी फोटो काढतो म्हणे. दोन गोष्टी, आणि त्यांना ना पुरावा, ना साक्षीदार. त्यावरून एखाद्या मुलाचं आयुष्य नासवायचं?”

“ती तुमच्याशी बोलली होती का कधी?”

“एक अक्षर नाही! हेच तर दुःख. आईसारखी मी इथे बसलेली, मला येऊन सांगितलं असतं तर?” त्यांनी पदराने डोळे टिपले.

बाहेर पडताना शारदाबाईंनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. दुर्गा पोळ्या लाटत होती.

शारदाबाईंची सून नीरजा इथल्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. ग्वाल्हेरच्या मराठी घरातली, बोलताना अर्धी हिंदी. ती दुपारी घरी आली तेव्हा सासूबाई फोन घेऊन दारातच बसलेल्या होत्या.

“आई, जेवलात?”

“नंतर. हा फॉर्म उघड. उघडलास? आता इंटरनेट बंद कर.”

“बंद केल्यावर काय पाठवणार?”

“तेच बघायचंय. विषय ‘भोजन’ निवड. काहीतरी लिही आणि पाठव.”

चक्र फिरलं, फिरत राहिलं, मग लाल अक्षरं आली: नेटवर्क उपलब्ध नहीं.

“ठीकच आहे,” नीरजा म्हणाली.

“आता विषय ‘व्यक्ती’.”

बोट उचलायच्या आत हात जोडलेलं चित्र आलं. धन्यवाद. आपकी बात हम तक पहुँच गई है.

नीरजाने फोन खाली ठेवला. “हे कसं? पहुँच गई म्हणजे कुठे? फोन तर बंद खोलीत बसल्यासारखा आहे.”

तिने लॅपटॉप उघडला आणि त्या पानामागचा कोड काढला. दहा मिनिटं घरात फक्त पंख्याचा आवाज होता. मग ती “छी” म्हणाली. मोठ्याने.

“मला कळेल असं सांग.”

“ऐका. निशांतने ही साइट एका जावास्क्रिप्ट लायब्ररीवर केली आहे. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, आपण तो वापरायचा. बटण दाबलं गेलं ही एक घटना. घटना घडली की काय करायचं, त्याचं फंक्शन लायब्ररीत तयार असतं. मजकूर पाठव, उत्तराची वाट बघ, नंबर आला की दाखव, नाही पोचला तर तसं सांग. एकदम सीधं काम.”

“मग?”

“पण लायब्ररी एक सोय पण देते. कुणाला ते फंक्शन पसंत नसेल तर त्याच नावाचं आपलं फंक्शन लिहायचं. मग तिचं बाजूला राहतं आणि आपलं चालतं. याला ओवरराइड म्हणतात. सगळे करतात, यात गैर काही नाही. दिवाळीच्या पणत्या तशाच लावल्या होत्या, त्या ओळी अजून इथे पडल्यात.”

“आणि त्यांच्याखाली?”

“त्यांच्याखाली किसीने दुसरं ओवरराइड घातलंय. विषय पाणी, भोजन, सफाई असेल तर जुन्या फंक्शनला बोलवायचं. म्हणून नेहमीच्या तक्रारी नीट जातात, कुणाला शक येत नाही. विषय ‘व्यक्ती’ असेल तर जुन्याला बोलवायचंच नाही. कुणाची वाट न बघता धन्यवाद दाखवायचं आणि मजकूर गुपचूप दुसऱ्याच ईमेल पत्त्यावर ढकलायचा. पोचला का, नाही पोचला, विचारायचं पण नाही.”

“बटण मात्र तेच?”

“बटण तेच, रंग तोच, हात जोडलेले.”

चौतीस वर्षं शारदाबाईंनी झाँसीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. ट्रंक कॉल लागायला सहा-सहा तास जायचे. लोक शिव्या द्यायचे, बायका रडायच्या, कुणाचा मुलगा सीमेवर असायचा. “लाइन नाही” असं हजार वेळा सांगावं लागलं. पण लाइन जोडायचा प्लग काढून हातात धरायचा आणि “बोला, लागलाय” म्हणायचं, आणि पलीकडे कुणी नसताना माणसाला बोलू द्यायचं, हे त्या खोलीतल्या सगळ्यात आळशी बाईनेही कधी केलं नव्हतं. काम म्हणून नाही, चेष्टा म्हणूनही नाही.

“पत्ता कुठला आहे?”

“वसतिगृहाचाच. ‘प्रवेश’ नावाचा. प्रवेश-अर्जांसाठी केलेला असेल.”

“आणि हे कधी घातलं?”

“फाइलीवर तीन डिसेंबर आहे.”

“डिसेंबर? भावनाची पहिली तक्रार तर मार्चमधली.”

“म्हणजे तिच्याआधी दुसरी कुणीतरी होती.” नीरजाने उठून खिडकी उघडली. बाहेर लूचे गरम झोत चालले होते, तरी उघडली.

संध्याकाळी त्यांनी पुण्याला निशांतला फोन लावला.

“हो काकू, ती सोय मीच ठेवली होती,” तो म्हणाला. “निघताना ऑफिसात एक पान लिहून दिलं. बटणाचं वागणं बदलायचं असेल तर कुठल्या फाइलीत काय लिहायचं. पणत्या त्यावरूनच केल्या त्यांनी. मला फोटो पण पाठवला होता.”

“कुणी?”

“ऑफिसच्या नंबरवरून आला. नाव नव्हतं. पण कुणी केलं ते हुशार आहे. चार ओळींत बसवलं होतं.”

“‘प्रवेश’च्या पत्त्याचा पासवर्ड कुणाकडे?”

“ऑफिसच्या डायरीत. सचिव आणि वॉर्डन, दोघांकडे. का हो? काही बिघडलं का?”

“बटण उत्तम चालतंय,” शारदाबाई म्हणाल्या.

शनिवारी चार वाजता पाचही विश्वस्त जमले. अध्यक्ष धरून तिघे जण रमाकांतजींच्या होकारात मान हलवायला येत, तसे आले होते. भावना भिंतीशी स्टुलावर. सुनीताबाई इतिवृत्त लिहायला. नीरजाला शारदाबाईंनी आपल्या शेजारी बसवलं. दुर्गा चहाचे कप मांडत होती.

“ठराव वाचतो,” रमाकांत म्हणाले.

“आधी वाय-फाय बंद करा,” शारदाबाई म्हणाल्या.

“काय?”

“दोन मिनिटं. आणि सगळ्यांसमोर हा फोन धरा.”

नीरजाने सगळ्यांना दाखवलं. भोजन: चक्र, लाल अक्षरं. व्यक्ती: धन्यवाद. मग तिने तेच पुन्हा केलं, कारण एका विश्वस्ताचा विश्वास बसेना.

“या मुलीला तुम्ही नंबर मागितलात,” शारदाबाई म्हणाल्या. “नंबर मिळणारच नव्हता. माणसाबद्दलची तक्रार या बटणातून बाहेर तुमच्याकडे पडतच नाही. डिसेंबरपासून.”

“यंत्रात बिघाड असेल,” रमाकांत म्हणाले.

“बिघाड विषय बघून होत नाही. हे कुणीतरी बसून लिहिलंय. मजकूर ‘प्रवेश’च्या पत्त्यावर जातो. पासवर्ड डायरीत आहे. उघडायला सांगा.”

रमाकांत हो म्हणाले, कारण इतर चौघे त्यांच्याकडे बघत होते. सुनीताबाईंचं पेन थांबलं होतं.

वाय-फाय सुरू झालं. नीरजाने कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर पत्ता उघडला. पडद्यावर एकाखाली एक ओळी आल्या. तिने मोजलं आणि पुन्हा मोजलं.

“एकोणीस,” ती म्हणाली. “सात मुलींच्या. सगळ्या उघडून वाचलेल्या.”

कुणीही चहाला हात लावला नाही.

“सगळ्या एकाच माणसाबद्दल?” एका विश्वस्ताने विचारलं.

“सगळ्या संकेतबद्दल,” नीरजा म्हणाली. पहिली तक्रार चार डिसेंबरची होती. लिहिणारी मुलगी जानेवारीत शिक्षण सोडून घरी गेली होती. कारण म्हणून रजिस्टरमध्ये ‘प्रकृती अस्वास्थ्य’ लिहिलं होतं.

“आणि भावनाच्या किती?” शारदाबाईंनी विचारलं.

“दोन. नऊ मार्च आणि दोन एप्रिल.”

“ती तीन म्हणत होती!” रमाकांत पुढे झुकले. “बघा, खोटं बोलली.”

“खरं बोलली, म्हणूनच दोन आहेत. तिसरी तिने चौदा मेला पाच चाळीसला पाठवली, आंधीमुळे वीज गेलेली असताना. खरं बटण असतं तर तिला सांगितलं असतं, पोचली नाही. पण या बटणाला धन्यवाद म्हणायला जगाची गरजच नाही. ते फोनमधल्या फोनमध्ये म्हणालं आणि तक्रार हवेत गेली. ती कुणीच वाचलेली नाही. आता मला सांगा, तक्रारीत काय काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“मला कसं असणार? मी तपशील ऐकलाच नाही.”

“नाही ऐकलात. कुणीच नाही. भावनाने ग्रुपवर लिहिलं नाही, समितीत तिला बोलू दिलं नाही, वॉर्डनबाईंनी तिला दारातून परत पाठवलं. सुनीताबाई स्वतः मला म्हणाल्या, भावना त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. आणि त्याच्या आधीच्या वाक्यात म्हणाल्या, गच्चीवर येतो, पाण्याच्या मशीनपाशी फोटो काढतो. दोन गोष्टी.”

खोलीतला पंखा कुरकुरत होता.

“सगळं गाव तीन तक्रारी म्हणत होतं, सुनीताबाई. तुम्हाला दोनच माहीत होत्या, कारण तुम्ही दोनच वाचल्या होत्या. आणि तुम्ही म्हणालात, साक्षीदार नाही. तिसऱ्या तक्रारीत साक्षीदाराचं नाव आहे. ती तुमच्या हाती पडली असती तर ते माणूस आज इथे कामावर नसतं. या खोलीत उभं नसतं.”

दुर्गाने हातातला ट्रे टेबलावर ठेवला आणि पदर खोचला. “हमने देखो है,” ती म्हणाली. “गुसलखाने के झरोखे पे मोबाइल धरें हतो. हमने अपनी आँखन से देखो. हमें बोलबे में डर लगो, सो नईं बोले.”

“मी कॉम्प्युटर—” सुनीताबाईंनी सुरुवात केली.

“पणत्या कुणी लावल्या होत्या?” शारदाबाई रमाकांतांकडे वळल्या. “कल्पना तुमची. हात कुणाचे?”

“सुनीताबाईंनीच...” रमाकांत म्हणाले, आणि थांबले. “मला तर फोनसुद्धा उघडता येत नाही.”

“म्हणूनच तुमच्यावर संशय घेतला नाही. तुम्ही किंवा संकेतने त्या वाचल्या असत्या तर एकही शिल्लक ठेवली नसती. यांनी एकोणीसच्या एकोणीस जपून ठेवल्या. का, सुनीताबाई? सांगता, की मी सांगू?”

सुनीताबाईंच्या डोळ्यांत आज पाणी नव्हतं. पाणी नसल्यावर तो चेहरा कसा दिसतो हे शारदाबाई पहिल्यांदाच पाहत होत्या.

“रमाकांतांच्या घरात जूनमध्ये कार्य आहे. तुमच्या घरात जूनमध्ये साखरपुडा. स्थळ जाहीर केलेलं नाही,” शारदाबाई म्हणाल्या. “संकेत आणि इरा.”

“डिसेंबरात बोलणी सुरू झाली,” सुनीताबाई म्हणाल्या. आवाज सपाट होता. “त्याच आठवड्यात पहिली तक्रार माझ्या कानावर आली. मुलगी म्हणाली, वेबसाइटवर टाकते. ती इतर दोघांच्या हाती गेली असती तर मोडलं असतं. म्हणून बदललं.”

“आणि जपून का ठेवल्या?”

“मोठ्या घरचे लोक फिरतात, शारदाताई. ऐन वेळी नको म्हणाले असते तर दाखवायला माझ्या हातात काहीतरी हवं होतं.”

रमाकांतांच्या तोंडातला विडा गालातच थांबला. ते पिकदाणी शोधू लागले. सापडली नाही. ते तसेच बसून राहिले, आणि लाल ओघळ हनुवटीपर्यंत आला.

शारदाबाईंना खोलीतल्या प्रत्येक वस्तूची शिसारी आली. कपांची, गादीची, भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरींची. मावशीच्या तसबिरीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

रमाकांत आधी सावरले. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. “झालं ते झालं. मुलीवरचा ठराव मागे. सुनीताबाई राजीनामा देतील. संकेतला मी उद्याच इंदूरला पाठवतो. मी स्वतः निर्दोष आहे हे शारदावहिनींनीच सांगितलं. विषय इथेच मिटवू. घरातली गोष्ट आहे.”

“तुम्ही कोड लिहिला नाहीत एवढंच मी सांगितलं,” शारदाबाई म्हणाल्या. “सात मुली सहा महिने लिहीत होत्या आणि तुम्ही म्हणत होतात, चांगल्या घरच्या मुली लिहीत नाहीत. त्याला कोड लागत नाही.”

तिघा विश्वस्तांनी माना हलवल्या. सवयीनेच, पण या वेळी त्या दुसऱ्या बाजूला हलल्या.

भावना स्टुलावरून उठली होती. “नुसता ठराव मागे घेऊन चालणार नाही. सातही जणींची पत्रं छापून द्या. आत्ता.”

नीरजाने छापायला घातली. प्रिंटर एकेक पान बाहेर टाकू लागला.

सुनीताबाई शारदाबाईंजवळ आल्या. त्यांनी शारदाबाईंचं मनगट धरलं. हात थंड आणि ओलसर होता.

“एक करा. इराला सांगू नका.”

“तिला कळायला नको, तिचं लग्न कुणाशी ठरलंय ते?”

“ती नाही म्हणेल, शारदाताई.”

शारदाबाईंनी मनगट सोडवून घेतलं आणि नकळत ते साडीला पुसलं.

शेवटचं पान प्रिंटरमधून पडलं. भावनाने गठ्ठा उचलून टेबलावर ठोकून सरळ केला. “काकू, ऑटो थांबवते. पोलीस ठाण्यात आत्ताच जाऊ, सोमवारी माझं प्रॅक्टिकल आहे. रात्री येऊन अभ्यास करायचाय. माझ्या खोलीत.”

स्वयंपाकघरातून दुर्गाने गॅस बंद केल्याचा आवाज आला. ती चपला पायात सरकवत दाराशी आली.

“हम सोई चल रए तुमाए संगे, बिन्नू,” ती भावनाला म्हणाली. “आज की रोटी अब जे लोग खुद बना लें।”